तिसऱ्या कधीच संपत नाहीत?

तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे लहान शिंपले, वाळूत आपोआप होतात, कितीही काढल्या तरी पुढच्या भरतीला पुन्हा मिळतात, ही समजूत चुकीची आहे. भरतीबरोबर येतात ती डोळ्यांना न दिसणारी पिल्ले. त्यांना जन्म देणाऱ्या मोठ्या तिसऱ्या वाळूत शिल्लक राहाव्याच लागतात. केरळच्या अष्टमुडी सरोवरात १९९० च्या दशकाच्या आरंभी उत्पादन घसरले तेव्हा हे कळून चुकले. म्हणून तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंदीचा ठरला आणि लहान तिसऱ्या निसटून वाळूत परततील एवढ्या मोठ्या छिद्रांची जाळी आली. २०१४ मध्ये या मासेमारीला एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातील पहिलेच. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की देखरेखीच्या परिषदेत शास्त्रज्ञ आणि अधिकाऱ्यांसोबत पाण्यात उतरून तिसऱ्या काढणारेही बसतात.