नाकातील साधी गाठ कर्करोगात कशी बदलते: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाकातून काढलेली गाठ आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी येते तेव्हा ती साधी आहे की कर्करोगाची, एवढेच रुग्णाला जाणून घ्यायचे असते. बहुतेक गाठींबाबत तेवढे उत्तर पुरतेही. नाकाच्या अस्तरातून उगवणाऱ्या इन्व्हर्टेड पॅपिलोमा या गाठीबाबत मात्र ते पुरत नाही, कारण ती साधी असूनही कर्करोगात बदलू शकते.

दीर्घकाळ राहिलेल्या सुजेमुळे, बहुधा दोन्ही नाकपुड्यांत वाढणारे नेहमीचे पॉलिप कर्करोगात बदलत नाहीत. इन्व्हर्टेड पॅपिलोमा बहुधा एकाच बाजूला, नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा गालाच्या सायनसमध्ये उगवतो, चाळिशीनंतर आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो आणि नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा पॉलिपसारखाच दिसतो. म्हणूनच एका बाजूची गाठ ‘साधा पॉलिप’ समजून तपासणीविना टाकून देऊ नये, असा आमचा आग्रह असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीचे अस्तर बाहेर वाढण्याऐवजी बोटांसारखे आत, खालच्या ऊतीत शिरलेले दिसते. तरीही त्याभोवतीचा पातळ पडदा शाबूत असतो आणि पेशी शिस्तीत असतात, तोवर गाठ साधीच. बदल पेशींच्या जनुकांपासून सुरू होतो. अशा अनेक गाठींत पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर या जनुकात दोष आढळतो, तर काहींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा अंश सापडतो. पुढे पेशींची केंद्रके मोठी व वेडीवाकडी होतात, विभाजन अस्तराच्या वरच्या थरांतही दिसू लागते (अहवालात यालाच डिस्प्लेसिया म्हटलेले असते) आणि पेशींनी तो पडदा ओलांडला की गाठीला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग, म्हणावे लागते. निरनिराळ्या पाहण्यांत अशा गाठींचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के आढळले आहे. म्हणजे बहुसंख्य रुग्णांत असे होत नाही आणि अहवाल हाती पडताच धास्ती घेण्याचे कारण नाही.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की कर्करोग पुष्कळदा वर्षानुवर्षांनी न उद्भवता पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच गाठीच्या एखाद्या कोपऱ्यात दडलेला असतो, त्यामुळे दुर्बिणीतून घेतलेल्या लहानशा तुकड्यात तो सापडेलच असे नाही. यासाठी काढलेली सगळी गाठ, तुकडे झाले असले तरी, भरपूर फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात), बाजू आणि जागा लिहिलेल्या डब्यांत पाठवावी. गाठ जिथे चिकटलेली होती तिथले हाड वेगळ्या डब्यात असावे. हाडातील कॅल्शियम काढून ते मऊ करावे लागत असल्याने त्या भागाचा अहवाल काही दिवस उशिरा मिळतो.

चिकटलेल्या जागेचा अंश मागे राहिल्यास गाठ पुन्हा उगवते आणि ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसत असली तरी बऱ्याच उशिराही उगवल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे नाक मोकळे वाटत असतानाही दुर्बिणीची तपासणी चालू ठेवावी. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे, गाल बधिर होणे, डोळा पुढे येणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

पूर्वी अन्यत्र शस्त्रक्रिया झाली असल्यास जुना अहवाल, गाठीचे पातळ काप असलेल्या काचपट्ट्या आणि गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ठोकळे तिथून मागवून नव्या नमुन्यासोबत द्यावेत, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पेशींत काय बदलले ते आम्हाला सांगता येते.