रग्बी लीग म्हणजे रग्बीची लीग नव्हे

२०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. नावात लीग होते, पण खेळ रग्बी लीगचा नव्हता. तिथली लीग आयपीएलमधल्यासारखी, म्हणजे स्पर्धा. रग्बी लीग हा मात्र वेगळाच खेळ आहे. त्याचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या, विश्वचषकही वेगळा. अंधेरीत दिसला तो रग्बी युनियनचा सात-सात जणांचा प्रकार. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळले जाते तेही युनियनच.

टीव्हीवर कोणता खेळ चालू आहे हे ओळखायचे तर चेंडू घेतलेला गडी आडवा झाल्यावर काय होते ते पाहा. लीगमध्ये त्याला पकडणारे बाजूला होतात, तो उभा राहतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागच्या साथीदाराकडे सरकवतो. बचाव करणाऱ्यांना, समोर उभे राहणारे दोघे सोडले, तर दहा मीटर मागे जावे लागते. असे सहा टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून थांबवणे, मोजतात, षटकाचे चेंडू मोजावेत तसे. सहाव्यानंतर चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाच झाले की बहुधा लाथ मारून चेंडू लांब धाडतात. युनियनमध्ये ही मोजणी नाही. पडलेल्या गड्याने चेंडू लगेच सोडायचा आणि त्याच्यावर दोन्ही संघांनी पायांवर उभे राहून झटायचे. याला रक म्हणतात. लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन संघांच्या रांगांमध्ये फेकून आत आणणे, दिसला तर शंकाच नको, ते युनियन. लीगने तो १८९७ सालीच काढून टाकला.

बाकी खुणा झटपट सांगता येतात. लीगमध्ये तेरा खेळाडू, युनियनमध्ये पंधरा. लीगचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा गडी, १ नंबरचा, युनियनचा १५ नंबरचा. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, गुण लीगमध्ये ४, युनियनमध्ये ५. पेनल्टीचे २ आणि ३. ड्रॉप गोलचे, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारण्याचे, १ आणि ३. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या मुख्य स्पर्धेत ४० मीटरपलीकडून ड्रॉप गोल मारला, तर २ मिळतात. कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतर मिळणाऱ्या लाथेचे, मात्र दोन्हीकडे २.

पण हे दोन खेळ नियमांवरून फुटलेच नाहीत. फुटले ते खाड्यावरून. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या संघांत गिरणी कामगार आणि खाणकामगार खेळत. सामना शनिवारी, आणि शनिवारी दुपारपर्यंत काम असे. बाहेरगावी खेळायला जायचे तर खाडा पडणार आणि मजुरी बुडणार. ती भरून द्यावी, ही क्लबांची मागणी खेळाचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या मंडळींनी १८९३ साली फेटाळली. पैसे घेतले की खेळाची शुद्धता जाते, असा त्यांचा युक्तिवाद. ज्यांना मजुरीवर जगावे लागत नव्हते त्यांनी केलेला हा युक्तिवाद होता, हे विसरता येत नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. १८९८ साली उघड मानधनाला परवानगी मिळाली, तीही अटीवर: खेळाडूची खरी नोकरी हवी. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणे किंवा दारूच्या गुत्त्यात वाढपी असणे ही नोकरी धरली जात नसे, कारण क्लब असल्या नावापुरत्या नोकऱ्या लावून देत. प्रेक्षकांच्या तिकिटांवर पगार निघायचा, तर खेळ वेगवान हवा. म्हणून १९०६मध्ये दोन गडी कमी झाले आणि वर सांगितलेली चेंडू मागे सरकवण्याची पद्धत आली.

सिडनीत १९०७ साली हीच फूट पडली. तिथल्या बैठका फलंदाज व्हिक्टर ट्रंपरच्या खेळसाहित्याच्या दुकानात होत. जखमी खेळाडूची बुडालेली मजुरी कोणी द्यायची, हा तिथेही कळीचा प्रश्न होता.

या फुटीचा परिणाम खेळाडूच्या उभ्या आयुष्यावर कसा होई, हे दोन माणसांकडे पाहिले की कळते. बिल बोमाँट हे १९८० साली इंग्लंडच्या युनियन संघाचे कर्णधार होते. घरचा कापडाचा व्यवसाय होता, त्यामुळे फुकट खेळणे परवडत होते. १९८२मध्ये वैद्यकीय सल्ल्याने ते थांबले आणि आत्मचरित्राचे मानधन स्वीकारले. तेवढ्यावर ते ‘व्यावसायिक’ ठरले आणि युनियनमधली पदे बंद झाली. पुढे तेच जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले, पण त्याआधी नियम बदलावे लागले.

लीगच्या रॉन कूट यांची गोष्ट अगदी निराळी. साउथ सिडनी आणि ईस्टर्न सबर्ब्स या क्लबांकडून ते नऊ अंतिम सामने खेळले आणि सहा जिंकले. १९७० साली त्यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने विश्वचषक जिंकला. १९७२मध्ये त्यांनी क्लब बदलला. लीगमध्ये त्याचे कोणाला वावडे नव्हते, कारण तो रोजगारच होता. निवृत्तीनंतर त्यांनी मॅकडॉनल्ड्सच्या फ्रँचायझी चालवल्या. २००२ साली अडचणीतल्या जुन्या खेळाडूंसाठी ‘मेन ऑफ लीग’ ही संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. या खेळात मिळकत होती, पण हाडे मोडल्यावर पुरेल इतकी सगळ्यांची नव्हती, हे त्यांनी जवळून पाहिले होते. २०२४ साली त्यांना ‘इमॉर्टल्स’ या लीगच्या सर्वकालीन थोर खेळाडूंच्या यादीत स्थान मिळाले.

युनियनने २६ ऑगस्ट १९९५ रोजी पैशाची बंदी उठवली. तोवर लीग खेळलेल्याला तिथे दार बंद असे. पुढच्याच मे महिन्यात लीगचा विगन आणि युनियनचा बाथ या क्लबांत दोन सामने झाले. लीगच्या नियमांनी विगन ८२–६ने जिंकला, युनियनच्या नियमांनी बाथ ४४–१९ने. दोन्ही एकच खेळ आहेत असे वाटणाऱ्याने एवढे आकडे पाहावेत.

लीगमधून युनियनमध्ये जाणे विंगर, म्हणजे कडेने पळणारे, आणि फुलबॅकना जमते. मोकळ्या जागेत पळणे दोन्हीकडे सारखेच. २००३च्या युनियन विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले दोन्ही ट्राय लीगमधून आलेल्यांनीच केले: ऑस्ट्रेलियाच्या लोटे तुकिरीने आणि इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सनने. चेंडूसाठी पुढे झटणाऱ्या फॉरवर्डचे तसे नाही. रकमध्ये कधी शिरायचे आणि कधी थांबायचे, हे अंगात मुरायला वर्षे लागतात. लीगचा फॉरवर्ड सॅम बर्जेस याने २०१४ साली गालाचे हाड मोडलेले असताना साउथ सिडनीला अंतिम सामना जिंकून दिला. कूट यांच्या १९७१च्या संघानंतरचे ते पहिलेच विजेतेपद. मग तो बाथला गेला. बाथने त्याला फ्लँकर, म्हणजे फॉरवर्ड, म्हणून घडवायला घेतले, इंग्लंडने २०१५च्या विश्वचषकात मागच्या फळीत सेंटरला उभे केले. एक जागा धड शिकायच्या आत दुसरी. वर्षभरात तो लीगमध्ये परतला.

आता पैसा दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे क्लबच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. खेळताखेळता धंदा सुरू करणारे अडकतात ते इथे. एनआरएलमध्ये खेळाडू बाहेरच्या कंपनीशी जाहिरातीचा करार करू शकतो, पण तो क्लबने जुळवून दिलेला नसावा, क्लबने त्याची हमी घेतलेली नसावी आणि त्याची नोंद व्हायला हवी. मेलबर्न स्टॉर्म या क्लबने खेळाडूंना दिलेले पैसे लपवले, म्हणून २०१०मध्ये त्यांची २००७ आणि २००९ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. युनियनमध्ये सारासेन्स या इंग्लिश क्लबच्या मालकाने खेळाडूंबरोबर भागीदारीत कंपन्या काढल्या होत्या. त्यातली गुंतवणूक पगारातच धरली गेली. नोव्हेंबर २०१९मध्ये क्लबचे गुणतक्त्यातले ३५ गुण कापले, ५० लाख पौंडांहून जास्त दंड झाला आणि त्या हंगामाअखेर क्लब खालच्या श्रेणीत गेला.