गोदावरी कृष्णेला भेटते तिथे

त्र्यंबकेश्वरचं पाणी आणि महाबळेश्वरचं पाणी निसर्गात कुठेच एकत्र येत नाही. गोदावरी आणि कृष्णा दोघीही सह्याद्रीत उगम पावतात, दख्खन ओलांडतात आणि आंध्रात आपापल्या मुखांनी समुद्राला मिळतात. तरीही विजयवाड्याच्या जरा वर, इब्राहिमपट्टणमला, २०१५ पासून त्यांचा संगम आहे. तो माणसानं घडवलाय. पट्टिसीमा इथे २४ पंप गोदावरीचं पाणी उचलून पोलावरम धरणाच्या उजव्या कालव्यात सोडतात. शेवटी बुडमेरू या ओढ्याच्या वळण-कालव्यातून ते कृष्णेत उतरतं. सगळे पंप चालू असतील तर साडेआठ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ४० हजार लिटर.

दोन पाणी भेटली की लगेच मिसळतात, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पुराच्या दिवसांतलं गढूळ पाणी आणि नदीतलं त्यातल्या त्यात नितळ पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतं. मधल्या रेषेवर दोन्हींचे वेग वेगळे असल्यानं उभे भोवरे फिरत राहतात आणि मिसळण्याचं काम तेच हळूहळू करतात. पात्र जितकं रुंद, तितकं हे लांबतं. इथे तर पुढे प्रकाशम बॅरेजनं अडवलेलं संथ पाणी आहे. वेग पडला की सोबतचा गाळ तळाशी बसू लागतो.

पण संगमाचा खरा प्रभाव खाली दिसतो त्याहून जास्त वरच्या अंगाला चढतो, आणि तेच आपण विसरतो. पाणी वाहतं ते पृष्ठभागाच्या उतारावर. चार मीटर खोल पाण्यात पातळीतला बदल सेकंदाला सहा मीटरहून जास्त वेगानं सरकतो, कालव्याचं पाणी मात्र साधारण एखाद्या मीटरनं. म्हणून तोंडाशी नदी चढली की ती खबर प्रवाहाच्या उलट दिशेनं कालव्यात शिरते. समजा कालव्याचा उतार दहा किलोमीटरला एक मीटर आहे. मग मुखाशी वाढलेल्या एका मीटरचा परिणाम कित्येक किलोमीटर मागे जाणवणार. यालाच आपण फुगवटा म्हणतो. शिरोळकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला उतरायला जागा मिळत नाही, आणि पाणी गावांत पसरतं.

२०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला विजयवाड्यात हेच भयानक रूपात दिसलं. मुसळधार पावसानं बुडमेरू फुगली होती, आणि त्याच वेळी प्रकाशम बॅरेजवरून ११ लाख क्युसेकहून जास्त पाणी जात होतं. ज्या नदीत रिकामं व्हायचं, तीच तुडुंब. वळण-कालव्याचे बांध फुटले आणि शहराचा सखल भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. कालवा किती रुंद करायचा हे ठरवताना मुखाशी नदीची पातळी काय असेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. कारण पाऊस दोन्हीकडे एकाच वेळी पडतो.

हा संगम कागदावरही वरच्या अंगाला चढतो. गोदावरी पाणीवाटप लवादाच्या १९८० च्या निवाड्यात पोलावरमहून कृष्णेत वळवायच्या ८० टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) हिशेब आहे. त्यातले ३५ टीएमसी वरच्या राज्यांच्या वाट्याचे, २१ कर्नाटकाला आणि १४ महाराष्ट्राला. गोदावरीचा थेंबही उलटा वाहत कराड-सांगलीला येत नाही. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेती गोदावरीच्या पाण्यावर भागली, की तितकं कृष्णेचं पाणी खाली सोडायची गरज उरत नाही, ते वरच अडवता येतं. पंप पूर्ण क्षमतेनं चालले तरी ८० टीएमसी उचलायला साडेतीन महिन्यांहून जास्त लागतात, आणि गोदावरीला तसं भरपूर पाणी असतं ते फक्त पावसाळ्यात.