केरिसचं पातं पुन्हा काळं करताना

जावा बेटावरच्या केरिस या खंजिराचं पातं ज्या नक्षीसाठी ओळखलं जातं, ती घडवण्याचं काम संपतं तेव्हा जवळजवळ दिसतच नाही. एम्पू, म्हणजे केरिस घडवणारा लोहार, साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकावर एक ठेवून तापवतो, ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. मधोमध पोलादाची पट्टी घालतो. घासून स्वच्छ केलं की सगळं पातं सारखंच राखाडी दिसतं. ‘सांडलेले तांदूळ’, ‘सोन्याचा पाऊस’ अशा नावांची पामोर नक्षी उठून दिसते ती त्यानंतर, वारांगानचा हात फिरल्यावर.

वारांगान म्हणजे आर्सेनिकचं खनिज. ते कुटून लिंबाच्या रसात मुरवतात. आपल्या जुन्या वैद्यकातले मनशीळ आणि हरताळ याच कुळातले. लिंबातल्या सायट्रिक आम्लात लोखंडाचे अणू विरघळू लागतात आणि जाताना इलेक्ट्रॉन मागे ठेवतात. द्रावणातलं आर्सेनिक हे इलेक्ट्रॉन घेतं आणि पात्यावर अतिशय पातळ, काळ्या थराच्या रूपात बसतं. निकेल असलेलं लोखंड आम्लाला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून तिथे थर फारसा धरत नाही आणि पामोर रुपेरी राहतो. ह्यूगो राइन्श यांनी १८४१ साली शोधलेली विषतपासणी याच तत्त्वावर चालते: संशयित नमुन्यात आम्ल घालून तांब्याची पट्टी उकळायची, आर्सेनिक असेल तर पट्टी काळवंडते. युरोपातल्या प्रयोगशाळांनी खून उघडकीला आणण्यासाठी वापरलेली ही क्रिया जावातले कारागीर सौंदर्यासाठी वापरत आले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

निकेल आलं कुठून? जावातल्या प्रंबानानजवळ पडलेला एक लोह-उल्कापाषाण अठराव्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात नेला गेला आणि त्यातलं लोखंड काही मानाच्या केरिसमध्ये गेलं. बाकी पुष्कळ पात्यांमधलं निकेल सुलावेसी बेटावरच्या लुवू भागातल्या लोखंडातून आलेलं आहे.

जावाच्या दमट हवेत हा थर टिकत नाही. तेल सुकतं, गंजाचे ठिपके पडतात, काळा रंग पिवळट होतो. सुरा महिन्यात, म्हणजे जावी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात, घराण्यातल्या शस्त्रांचं विधिपूर्वक स्नान होतं. त्याला जमासान म्हणतात. रंग नव्याने द्यायचा असेल तर आधी पातं ‘पांढरं’ करावं लागतं: नारळाच्या पाण्यात भिजवायचं, लिंबाने घासायचं, मग लेराकच्या फळांच्या फेसाने धुवायचं. लेराक म्हणजे आपल्या रिठ्याचाच भाऊबंद. तेलाचा किंवा गंजाचा अंशही उरला तर तिथे रंग डागाळतो. पातं पूर्ण कोरडं झालं की वारांगान हाताने चोळतात किंवा पातं लांबट पात्रातल्या द्रावणात बुडवतात. कधी थांबायचं हे डोळाच ठरवतो. वेळ जास्त झाला तर पामोरही काळवंडतो.

एखाद्याच ठिपक्यापुरता रंग सुधारणं सोपं वाटतं, पण खरं अवघड काम तेच आहे. लिंबाचा रस ठिपक्यापुरता थांबत नाही, शेजारच्या शाबूत थराखालीही शिरतो. जुना थर हवेने बदललेला असतो, त्यामुळे नव्या ठिगळाची कड वेगळी दिसते. शिवाय आर्सेनिक लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने थर फाटलेल्या जागी लोखंडच आधी गंजतं. म्हणून बरेचदा सगळं पातं पुन्हा पांढरं करण्यावाचून गत्यंतर नसतं.

आणि प्रत्येक वेळी थोडं लोखंड जातं. कित्येक पिढ्या धुतलेल्या पात्यांवर हाताला कंगोरे लागतात: लोखंड झिजलेलं, निकेलचे थर वर उरलेले. कडा करवतीसारख्या होतात. थर पुन्हा देता येतो, गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून रंग थोडा फिका असला तरी एकसारखा असेल, तर पात्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. गंज अलगद काढावा, चंदनाचं किंवा मोगऱ्याचा वास असलेलं तेल पातळ लावावं, एवढं पुरतं. जमासानचा मान त्यानेही राखला जातो.

ज्यांना रंग द्यावाच लागणार आहे त्यांच्यासाठी आर्सेनिकचा धोका खरा आहे. लोखंड आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोजन सुटतो आणि आर्सेनिकच्या संगतीत त्यातून आर्सिन वायू तयार होऊ शकतो. हा रंगहीन वायू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लिंबाच्या सौम्य रसात हे प्रमाण कमी राहतं. काम लवकर उरकावं म्हणून तीव्र आम्ल वापरलं, तेही बंद खोलीत, तर जिवावर बेतू शकतं. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं. वापरलेलं द्रावण मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये, घातक कचरा म्हणूनच द्यावं. आणि जुनं केरिस नुसतं हाताळलं तरी नंतर हात साबणाने धुवावेत, कारण तो काळा रंग म्हणजे आर्सेनिकच आहे.