पार्श्वभूमी: महापालिकेच्या हिशेबात कार्बन कसा आला

१३ मार्च २०२२ रोजी मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर झाला. बातम्यांचे मथळे निघाले ते २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (म्हणजे हवेत जितका कार्बन सोडला तितका शोषला जाणे) या उद्दिष्टाचे, कारण देशाची मुदत त्याहून वीस वर्षे पुढची, २०७० ची आहे. आराखडा नीट वाचला की त्यात दोन वेगळे प्रवाह दिसतात. उत्सर्जन मोजून कमी करण्याची रीत परदेशातल्या शहरांनी तीसेक वर्षांत घडवली. पुराशी झुंजण्याची तयारी मात्र मुंबई स्वतःच्या हानीतून शिकली. उद्दिष्टे पहिल्या प्रवाहाची आणि पैसा बराचसा दुसऱ्याचा, अशी आजची स्थिती या इतिहासातून आली आहे.

पहिला प्रवाह टोरांटोहून निघतो. जून १९८८ मध्ये तिथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २००५ पर्यंत २० टक्क्यांनी घटवावे, अशी शिफारस केली. देशोदेशीची सरकारे चर्चेत अडकलेली असताना जानेवारी १९९० मध्ये टोरांटोच्या नगर परिषदेने हेच उद्दिष्ट आपल्या शहरापुरते स्वीकारले. त्याच वर्षी स्थानिक संस्थांची ‘इक्ली’ ही जागतिक संघटना उभी राहिली आणि १९९३ मध्ये तिने शहरांसाठी मोहीम सुरू केली. मोहिमेचा क्रम साधा होता: आधी उत्सर्जनाची मोजणी, मग उद्दिष्ट, मग आराखडा, मग अंमलबजावणी आणि शेवटी पुन्हा मोजणी. आजचा कोणताही शहरी आराखडा उघडा, सांगाडा हाच सापडतो.

खरी अडचण मोजणीत होती. प्रत्येक शहर आपली हद्द आपल्या सोयीने ठरवी. कुणी विमानतळ वगळे, कुणी शहराबाहेर टाकलेला कचरा. त्यामुळे दोन शहरांची तुलनाच होत नसे. २०१४ मध्ये शहरांसाठी समान जागतिक मोजणी-नियम आले आणि उत्सर्जनाचे तीन भाग ठरले: हद्दीत जळणारे इंधन, बाहेरून येणारी वीज, आणि शहरामुळे पण हद्दीबाहेर होणारे उत्सर्जन.

गणित अवघड नाही. वापर गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे एकेका लिटर, सिलिंडर वा युनिटमागे होणारे उत्सर्जन. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, आणि देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो. चूक होते ती आकडे गोळा करताना. तेल कंपन्यांकडून मिळतो तो पंपांवरच्या विक्रीचा आकडा, पण ते इंधन शहरातच जळते असे नाही. हद्दीबाहेर स्वस्त दर असला की टँकर-ट्रक तिथेच भरून येतात आणि शहराचे उत्सर्जन कागदावर घटते. वीज कंपन्यांचे विभाग आणि प्रभागांच्या सीमा जुळत नाहीत. ग्रिडचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी नव्याने काढते. तो उतरला तर शहराने काहीच न करता आकडा सुधारतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना वापरातला फरक आणि गुणांकातला फरक वेगवेगळे दाखवले पाहिजेत. तसे न दाखवणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

भारतात ही रीत उशिरा रुजली. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरण संरक्षण हा नागरी संस्थांचा विषय आहे. राज्यातल्या महापालिकांना दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवालही काढावा लागतो, पण त्यात भर राहिला तो हवा, पाणी, आवाज आणि कचऱ्यावर. जून २००८ मधल्या हवामान बदलावरील राष्ट्रीय कृती योजनेत आठ अभियाने आली, त्यांत शाश्वत अधिवासाचे, म्हणजे शहरांशी संबंधित, एक होते. त्यानंतर राज्यांनी आपापल्या योजना केल्या. महापालिकेच्या पातळीवर मात्र वेगळे बंधन आले नाही.

शहरांना जाग आणली ती संकटांनी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात ७५ मिमीही नाही. ताशी २५ मिमी पाऊस आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, या जुन्या गृहीतकावर शहराची पर्जन्यवाहिनी व्यवस्था उभी होती. क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत न्यावी आणि पाणी मुरेल हे धरूच नये, अशी ‘ब्रिमस्टोवॅड’ या मुंबईच्या पर्जन्यवाहिनी सुधारणेच्या अहवालाची शिफारस १९९३ पासून पडून होती. पुरानंतर माधवराव चितळे समितीने तपासणी केली आणि या कामांना वेग आला. अहमदाबादची गोष्टही अशीच: मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले आणि २०१३ मध्ये तिथे दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आला.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई ‘सी४०’ या महानगरांच्या गटात गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये काम सुरू झाले आणि दोन्ही प्रवाह एका आराखड्यात आले. आधारवर्ष २०१९ धरले. त्या वर्षीचे उत्सर्जन २.३४ कोटी टन, दरडोई सुमारे १.८ टन. त्यात इमारतींमधल्या विजेचा आणि इंधनाचा वाटा सुमारे ७२ टक्के, वाहतुकीचा २०, कचऱ्याचा ८. उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के घटवायचे ठरले. इथेच मोठी गाठ आहे. आराखड्यानुसार तेव्हा शहराची जवळजवळ ९५ टक्के वीज कोळशाची होती, पण वीज कुठून घ्यायची हे पालिका ठरवत नाही. ‘बेस्ट’चे वितरण मुख्यत्वे बेट शहरापुरते, उपनगरांत अन्य कंपन्या, आणि वीजखरेदी नियामक आयोगाच्या मान्यतेने. पालिकेच्या थेट हाती उरतात बांधकाम परवानग्या, कचरा, बस आणि झाडे.

नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती, आराखडा त्यानंतर सहा दिवसांनी आला. म्हणजे अंमलबजावणीची सुरुवातीची वर्षे प्रशासकांच्या काळात गेली आणि स्थायी समितीत विभागवार जाब विचारणारे कुणी नव्हते. हे मोठे नुकसान आहे.

ती उणीव काही अंशी भरून काढू शकेल असे साधन ऑस्लोने २०१७ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदा वापरले: हवामान अर्थसंकल्प. प्रत्येक उपायापुढे जबाबदार विभाग, खर्च आणि त्यातून वाचणारे उत्सर्जनाचे टन लिहायचे. मुंबईने आपला पहिला असा अहवाल जून २०२४ मध्ये काढला. २०२४-२५ च्या भांडवली खर्चातले १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे सुमारे ३२ टक्के, वातावरणाशी निगडित ठरवले गेले. मोठा भाग पूर आणि जलव्यवस्थापनाचा आहे. यात मूळ अर्थसंकल्पातलीच कामे वेगळी काढून दाखवलेली असतात, ही नवी तरतूद नसते. त्यामुळे रकमेपेक्षा प्रत्येक ओळीसमोर टनांचा आकडा आहे का, आणि पुढच्या वर्षी त्याच ओळीत झालेला खर्च लिहिला का, हे तपासावे.