झटपट स्वयंपाक आणि सोपा स्वयंपाक: एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरातला फरक

रात्रीचे जेवण लवकर होणे आणि ते करायला सोपे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही विद्यार्थ्यांना सुचवल्या जाणाऱ्या पाककृतींत त्या सर्रास एकच धरल्या जातात. एकट्यापुरते करायचे असेल तर या गल्लतीने फारसे बिघडत नाही. चार-पाच जण एकाच शेगडीवर, एकाच मोठ्या कढईत आणि वेगवेगळ्या वेळी घरी येऊन जेवत असतील, तर मात्र कोणता पदार्थ झटपट होणारा आहे आणि कोणता नुसताच सोपा आहे, हे ओळखल्याशिवाय रोजचे गणित जमत नाही.

झटपट पदार्थाचे माप घड्याळावर असते. सोप्या पदार्थाचे माप वेगळे: त्याला किती लक्ष द्यावे लागते, हाताला किती सवय असावी लागते आणि थोडे चुकले तर तो किती सांभाळून घेतो. ऑम्लेट दोन-तीन मिनिटांत होते, पण त्या मिनिटांत तव्यापासून हलता येत नाही आणि आच चुकली तर ते करपते किंवा चिवट होते. याउलट बटाटे, गाजर आणि कांदा यांच्या मोठ्या फोडींना तेल-मीठ लावून 200 अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्या, तर जेवण व्हायला पाऊण तास लागतो. मात्र त्यातले हाताचे काम जेमतेम दहा मिनिटांचे असते, मधल्या वेळात अभ्यास होतो आणि पाच मिनिटे इकडची तिकडे झाली तरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

माणसे वाढली की दोहोंतला फरक खरा उघडा पडतो. मोठ्या आचेवर भाज्या परतणे हा झटपट स्वयंपाकाचा सर्वांत लोकप्रिय नमुना आहे, म्हणून त्याच्याकडे जवळून पाहू. चिरलेल्या भाजीत पाणी भरपूर असते. कडकडीत तापलेल्या कढईत एकापुरती भाजी टाकली, तर सुटणाऱ्या पाण्याची लगेच वाफ होते, भाजीचा पृष्ठभाग 140 अंशांच्या पुढे तापू शकतो आणि तिला खरपूस तपकिरी रंग चढतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेचा यात मोठा वाटा असतो. त्याच कढईत पाच जणांची भाजी एकदम ओतली, की कढई गार पडते, सुटलेले पाणी तळाशी साचते आणि पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकून राहते. आता भाजी परतली जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडत राहते. यावर एकच इलाज आहे, तो म्हणजे घाणे करणे. आणि पाच घाणे केले की दहा मिनिटांचा पदार्थ पाऊण तासावर जातो, तोही शेगडीसमोर सतत उभे राहून. मसूर डाळीच्या पातेल्याचे तसे नाही. फोडलेली लाल मसूर डाळ न भिजवता पंधरा-वीस मिनिटांत शिजते आणि पाच जणांसाठी केली तर जास्तीचा वेळ लागतो तो मुख्यतः पाण्याला उकळी येईपर्यंतचा.

पाककृतींवर छापलेल्या वेळांबद्दलही सावध राहावे. ‘20 मिनिटे’ म्हणताना बहुधा कांदा सोललेला, भाज्या धुतलेल्या आणि भांडी रिकामी आहेत असे गृहीत धरलेले असते, आणि हे तिन्ही एकाच वेळी खरे असणारे विद्यार्थ्यांचे घर विरळाच. कांदा गडद तपकिरी आणि गोडसर होईपर्यंत मंद आचेवर परतायला पाऊण तास सहज लागतो, तरी अनेक पाककृती ते काम दहा मिनिटांत उरकलेले दाखवतात.

उशिरा येणाऱ्यांसाठी थांबण्याची तयारी हा दुसरा मोठा फरक. झटपट पदार्थ बहुतेक करून त्याच क्षणी खायचे असतात: परतलेली भाजी मऊ पडते, पास्त्याच्या नळ्या एकमेकींना चिकटतात, तळलेले अंडे गार झाले की त्याची मजा जाते. सोपे पदार्थ सहसा ओलसर, एकाच भांड्यातले आणि पुन्हा गरम करता येण्याजोगे असतात, त्यामुळे नऊला येणाऱ्यालाही सातला जेवलेल्याइतकेच चांगले मिळते. सगळे एकत्र जेवायला बसण्याची खात्री नसलेल्या घरात माझा कौल म्हणूनच सोप्या पदार्थाला आहे, मग तो तासाभराचा का असेना.

दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर बहुतेक वेळा कोणीतरी आधीच केलेले काम विकत घ्यावे लागते. डबाबंद कडधान्य डब्यातच शिजवलेले असते. गोठवलेले मटार गोठवण्यापूर्वी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढलेले असतात, म्हणून ते काही मिनिटांत तयार होतात. मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये जपानमध्ये बाजारात आणलेल्या इन्स्टंट नूडल्सची युक्तीही अशीच आहे: शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की त्यांतले पाणी निघून जाते आणि बारीक छिद्रे उरतात, त्यांतून गरम पाणी चटकन आत शिरते. मटार आणि कडधान्याचे डबे घरात अवश्य ठेवावेत. नूडल्स मात्र रोजचे जेवण मानू नये, कारण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते आणि त्यातला मोठा वाटा मसाल्याची एकच पुडी खाऊन टाकते.

विकतचे श्रम नको असतील तर प्रेशर कुकर आहे. आतला दाब वाढला की पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते आणि एरवी तासभर घेणारे भिजवलेले काबुली चणे त्यापेक्षा खूपच कमी वेळात शिजतात. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी असे भांडे 1679 मध्येच दाखवले होते. घरात सगळ्यांनी मिळून एखादीच वस्तू घ्यायची असेल तर कुकर घ्यावा. सोप्या पदार्थाचा सोपेपणा कायम ठेवून त्याचा वेळ कापणारी वस्तू स्वयंपाकघरात दुसरी क्वचितच सापडेल.

झटपट स्वयंपाकात चूक झाली तर चव जाते. सोप्या स्वयंपाकातली चूक पोटावर बेतू शकते. हे पदार्थ आपल्या मागे शिजत आणि मग मुरत राहतात, त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे आणि ताज्या पाण्यात तो खळखळून अर्धा तास उकळावा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये थेट घातल्यास तेवढे तापमान गाठले न जाण्याचा धोका असतो. डबाबंद राजम्याला ही भीती नाही. भाताचे दुखणे शिजवल्यानंतर सुरू होते: बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही टिकतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करावा, दोन तासांच्या आत 5 अंशांखालच्या फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

असा नीट ठेवलेला भातच पुढच्या रात्रीच्या झटपट जेवणाचा पाया होतो. गार भाताची शिते सुटी होतात, म्हणून अंडे आणि मटार घालून परतलेला भात ताज्यापेक्षा शिळ्याचाच चांगला जमतो, आणि त्यातली दहा मिनिटे खरी ठरतात ती आदल्या दिवशीच्या निवांत पातेल्यामुळे. पाळ्या लावतानाही हेच ध्यानात धरावे: सगळे घरी असतील त्या रात्री डाळीचे किंवा कडधान्याचे मोठे पातेले, तेही हात न बसलेल्याकडे द्यावे, आणि परतण्याचे काम ज्याला आच कळते त्याने दोघेच घरी असतील त्या दिवशी करावे.