गंडगाय: पुरानं डोंगरावर चढवलेलं गाव

सिडनीहून मेलबर्नकडे मोटारीनं निघालं की सुमारे ३९० किलोमीटरवर मरमबिजी नदी लागते. हायवेचा पूल चांगला किलोमीटरभरापेक्षा लांब, पण त्याच्याखाली नदी म्हणावी एवढी थोडीच. बाकी सगळं गवत, अधूनमधून चरणारी गुरं आणि नदीकाठचे जुने गम वृक्ष, म्हणजे निलगिरीचे भाऊबंद. जवळच लाकडी खांबांवर उभा असलेला एक जुना रेल्वेपूल दिसतो, तोही अर्ध्याहून अधिक गवतावरूनच जातो. नवख्याला प्रश्न पडतो की एवढं लाकूड आणि लोखंड कोरड्या मैदानावर कशाला ओतलं? शिवाय इतकी सपाट, सुपीक, नदीकाठची जमीन मोकळी टाकून गावानं टेकडीच्या उतारावर घरं का बांधली?

कारण गाव आधी त्या मैदानातच होतं.

गावाचं नाव गंडगाय. मराठी कानाला त्यात गाय ऐकू येते, पण नाव मूळचं तिथल्या आदिवासींचं आहे आणि त्याचा गायीशी संबंध नाही. हा सगळा प्रदेश विराजुरी लोकांचा. १८२९ मध्ये इंग्रज शोधप्रवासी चार्ल्स स्टर्ट या भागातून नदीच्या काठाकाठानं गेला, त्याच्या मागोमाग मेंढ्या-गुरं घेऊन गोरे वसाहतवाले आले. सिडनीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवर नदी उतरायला सोयीची जागा इथेच होती. बैलगाड्या थांबायच्या, पाणी चढलं तर ओसरेपर्यंत खोळंबून राहायच्या. जिथे गाड्या खोळंबतात तिथे खाणावळ, लोहार, दारूचं दुकान ही मंडळी आपोआप गोळा होतात. १८३८ मध्ये सरकारनं रीतसर मोजणी करून गाव आखलं, रस्ते काटकोनात काढले आणि प्लॉट विकायला काढले. नकाशा सुबक होता. फक्त तो पूररेषेच्या आत होता.

विराजुरींनी हे सांगितलं होतं, असं म्हणतात. या जागेवर पाणी येतं, किती उंच येतं, तेही त्यांनी दाखवलं. पण नेटिव्हांचं ऐकून सरकारी मोजणी बदलायची, हे त्या काळी कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. १८४४ मध्ये पाणी आलंच. गावकऱ्यांनी वसाहतीचे गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांच्या सरकारकडे अर्ज केला की आमचे खालचे प्लॉट घ्या आणि वर जमीन द्या. सरकारनं नकार दिला. जमीन तुम्ही पाहून घेतलीत, धोका तुमचा, असा एकंदर सूर. मला या सगळ्या इतिहासात हा अर्ज आणि त्याचा नकार सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढे जे झालं ते निसर्गाच्या खात्यावर टाकण्याची पद्धत आहे, पण त्याची फाइल आठ वर्षं आधीच कुणाच्या तरी टेबलावरून गेली होती.

२४ जून १८५२. ऑस्ट्रेलियात तो ऐन हिवाळा. आधी बरेच दिवस पाऊस पडत होता. गावात तेव्हा अडीचशेच्या आसपास वस्ती होती. वर्षभरापूर्वी सोनं सापडल्यामुळे रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळही वाढली होती. पाणी चढायला लागलं तेव्हा बरेच जण नेहमीप्रमाणे माळ्यावर गेले. पूर येतो, ओसरतो, हा अनुभव होता. या वेळी ते माळ्यापर्यंत आलं. लोक छपरावर चढले. रात्री छपरंच वाहून जायला लागली, तशी माणसांनी झाडं धरली. अंधार, बोचरी थंडी आणि खालून धडधडत जाणारं पाणी. हात गारठून सुटले की माणूस गेला. गावातल्या ७१ इमारतींपैकी तीन उरल्या. मेलेल्यांचा आकडा ७८ ते ८९ च्या दरम्यान सांगतात, म्हणजे गावातलं साधारण दर तिसरं माणूस. ऑस्ट्रेलियाच्या नोंदलेल्या इतिहासातल्या सर्वांत प्राणघातक पुरांमध्ये हा गणला जातो.

वाचले त्यातले बरेच जण विराजुरी पुरुषांमुळे वाचले. यारी, जॅकी जॅकी, लाँग जिमी आणि टॉमी डेव्हिस ही नावं टिकली आहेत, आणखीही असतील. यारीकडे सालीची होडी होती. ही होडी म्हणजे काय ते नीट समजून घेतलं पाहिजे. नदीकाठच्या मोठ्या गमच्या खोडावरून दगडी कुऱ्हाडीनं जाड साल एका तुकड्यात सोलून काढायची, जाळावर धरून मऊ करायची, दोन्ही टोकं आवळून वर वळवायची. ना फळ्या, ना खिळे. शांत पाण्यात मासे मारायला ही बरी. त्या रात्रीच्या पाण्यात, जिथे अख्खी झाडं आणि घरांचे वासे वाहत येत होते, तिथे ती म्हणजे पाण्यावर टाकलेली पत्रावळच. वल्हवणाऱ्याशिवाय त्यात एकच माणूस मावायचा, तोही आडवा पडून, हालचाल न करता. यारीनं एकेक माणूस झाडावरून उतरवला, काठावर पोचवला आणि परत गेला. त्यानं अशा ४९ जणांना वाचवलं, असं मानलं जातं. जॅकी जॅकीनं वल्ह्यांच्या नावेतून २० जणांना काढलं. मिळून ६९. हे काम एका रात्रीत संपलं नाही, दिवस उजाडल्यावरही चालूच राहिलं. ज्यांचं सांगणं ऐकलं नव्हतं तेच लोक एकेक जीव काढत होते.

पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, पाणी पुन्हा मोठ्या जोरात आलं आणि उरलीसुरली चर्चा संपली. गाव उत्तरेला माउंट पार्नासस टेकडीच्या उतारावर आणि दक्षिणेला पलीकडच्या उंचवट्यावर गेलं. मधलं मैदान मोकळं राहिलं ते आजतागायत. नदीवरचा प्रिन्स आल्फ्रेड पूल १८६७ मध्ये झाला. लोखंडी कैच्यांचा, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांचा, भाग नदीवर आणि त्याला जोडून मैदानावरून जाणारा लांबच लांब लाकडी पूल. पूर आला तरी दोन गावांचा संबंध तुटू नये, म्हणून हा खटाटोप. १९०३ मध्ये रेल्वेनंही तेच केलं. सुरुवातीला ज्या प्रश्नानं नवखा माणूस बुचकळ्यात पडतो, त्याचं उत्तर एवढंच.

आता यारीचं काय झालं? त्याला आणि जॅकी जॅकीला गळ्यात घालायचे धातूचे बिल्ले मिळाले. गावात कुणाकडेही सहा पेन्स मागायची त्यांना मुभा होती, असंही सांगतात. ही मुभा कौतुकानं सांगितली जाते, पण मला ती वाचून कसंतरीच होतं. ४९ जीव काढणाऱ्याच्या वाट्याला मागून घेण्याचा हक्क आला, जमिनीचा नाही. यारी १८८० मध्ये वारला. त्याच दशकाच्या अखेरीस जवळच ब्रंगल इथे आदिवासींसाठी सरकारी वस्ती काढण्यात आली आणि ज्यांची ही नदी होती त्यांना तिथे राहायला लावलं. पुराची गोष्ट त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जात राहिली. गावाच्या मुख्य रस्त्यावर, शेरिडन स्ट्रीटवर, यारी आणि जॅकी जॅकी यांचा सालीच्या होडीसह कांस्यपुतळा उभा राहिला तो जून २०१७ मध्ये, १६५ वर्षांनी. पुढल्या वर्षी दोघांना मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं. मध्ये किती सरकारं आली आणि गेली याचा हिशेब करू नये.

देणं उशिरा फेडायची या गावाला सवयच असावी. कॅप्टन मूनलाइट या नावानं गाजलेला दरोडेखोर अँड्र्यू जॉर्ज स्कॉट १८७९ मध्ये याच परिसरातल्या चकमकीत पकडला गेला. त्याचा जिवलग जेम्स नेस्बिट तिथेच मारला गेला आणि गंडगायला पुरला गेला. मला त्याच्याजवळ पुरा, असं स्कॉटनं फाशीच्या आधी लिहून ठेवलं होतं. सिडनीत फाशी झाली, प्रेत तिथेच राहिलं. १९९५ मध्ये त्याचे अवशेष गंडगायला आणून पुन्हा पुरण्यात आले.

बाहेरच्यांना मात्र गंडगाय ओळखीचं आहे ते कुत्र्यामुळे. गावापासून पाच मैलांवर, हायवेच्या कडेला, शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा आहे. मूळ गोष्ट बैलगाडीवाल्यांची. चाक चिखलात रुतलंय, जू मोडलंय, आणि त्यात भर म्हणजे कुत्रा शिदोरीवर बसलाय. गाडीवानांच्या तोंडची जुनी आवृत्ती याहून बरीच ओंगळ होती. तिच्यात कुत्रा शिदोरीवर नुसता बसत नाही, जे करतो ते सभ्य पुतळ्यात दाखवणं शक्य नव्हतं. १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी पुतळ्याचं अनावरण केलं. तिथल्या पाण्यात लोक नाणी टाकतात, ती गावच्या दवाखान्याच्या कामी येतात. २०१९ मध्ये कुणीतरी हा कुत्रा पाडला, त्याची डागडुजी करून तो लगेच परत बसवला.

हा कुत्रा घडवणारा फ्रँक रस्कोनी हा गावातलाच संगमरवराचा कारागीर. युरोपात हात बसवून तो १९०५ मध्ये इथे आला. त्यानं स्वतःच्या हौसेनं एक राजवाड्यासारखी प्रतिकृती केली. उंची माणसाच्या छातीएवढी, तुकडे वीस हजारांहून जास्त, दगड सगळा न्यू साउथ वेल्समधला आणि काळ २८ वर्षं. ती आजही गावच्या पर्यटक केंद्रात काचेआड आहे.

शेरिडन स्ट्रीटवरचं नायगारा कॅफे ही आणखी एक खूण. ग्रीसहून आलेल्या कुटुंबांनी ऑस्ट्रेलियाच्या गावोगावी अशी कॅफे थाटली, त्यातलंच हे. १९४२ मध्ये पंतप्रधान जॉन कर्टिन अपरात्री इथे आले, मालकांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवून स्टेक आणि अंडी खाऊ घातली. त्यानंतर या कॅफेचं चहाचं रेशन वाढलं, असं गावात हसत सांगतात.

१९७७ मध्ये हायवे नव्या पुलावरून गावाला वळसा घालून गेला आणि गाडीवानांपासून चालत आलेला थांबा सुटला. १९८४ मध्ये पुरानंतर रेल्वेही बंद झाली. २०१६ मध्ये सरकारनं गंडगायची शायर कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, शेजारच्या कूटामंड्राच्या कौन्सिलात विलीन केली. वस्ती जेमतेम दोन हजारांची, पण आपली कौन्सिल परत मिळावी म्हणून गावानं हट्ट सोडला नाही. प्रिन्स आल्फ्रेडचा लाकडी भाग धोकादायक झाला होता, तो २०२१ मध्ये पाडायला घेतला. लोखंडी कैच्या नदीवर अजून आहेत.

डिसेंबर २०१० मध्ये आणि मार्च २०१२ मध्ये मरमबिजीला पुन्हा मोठे पूर आले. सखल भागातल्या लोकांना घरं सोडावी लागली. १८३८ च्या नकाशातलं मैदान मात्र दोन्ही वेळा पाण्याखाली गेलं तेव्हा तिथे गाव उरलेलं नव्हतं.